मदतीस संमती कोणाची?

दिनांक २८ मार्च २०२५ रोजी, शुक्रवारी दुपारी, ब्रह्मदेशातील सगाईंग व मंडाले या नगरांच्या परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. अधिकृत मोजणीप्रमाणे ३,७०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रमझान महिन्यातील तो अखेरचा शुक्रवार होता. दुपारच्या नमाजासाठी मशिदींत जमलेले शेकडो मुसलमान छपराखाली गाडले गेले. मंडालेतील एका विहारात परीक्षेस बसलेले भिक्षू इमारत कोसळून दगावले. इरावतीवरील १९३४ सालचा जुना आवा पूल नदीत पडला. भूकंपाने बौद्ध, मुसलमान, बामर, शान असा भेद केला नाही. तो भेद नंतर आलेल्या मदतीच्या वाटपात झाला. आणि तो कोणत्या कायद्याच्या आधाराने होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, आपल्या वाचकांना परका नाही. १९५४ च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने पूज्य बाबासाहेब रंगूनला गेले होते. त्या देशाकडे आपण धम्माचा देश म्हणून पाहत आलो. म्हणूनच तेथील राज्यकर्ते आपत्तीच्या काळात काय करतात याची चौकशी इतरांपेक्षा आपणच अधिक कठोरपणे केली पाहिजे.

भूकंप झाला तेव्हा त्या देशात चार वर्षांची यादवी चालू होती. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर सगाईंग प्रांताच्या ग्रामीण भागातील मोठा मुलूख लष्कराच्या विरोधकांच्या हाती गेला. शहरे एकाकडे आणि भोवतालची खेडी दुसऱ्याकडे अशी स्थिती. विरोधकांच्या राष्ट्रीय एकता सरकारने ३० मार्चपासून दोन आठवडे आक्रमक कारवाया थांबविल्याचे घोषित केले. तीन सशस्त्र संघटनांच्या आघाडीने १ एप्रिलला एक महिन्याचा युद्धविराम जाहीर केला. लष्कराने २ एप्रिलला तसाच विराम घोषित केला, परंतु विमानांतून बॉम्ब टाकण्याचे काम त्यानंतरही चालूच ठेवले. १ एप्रिलच्या रात्री शान राज्यात चीनच्या रेडक्रॉसच्या गाड्यांच्या ताफ्यावर लष्कराच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. लष्कराचा खुलासा असा की, ताफा येणार असल्याची आगाऊ सूचना आपणास नव्हती, म्हणून इशाऱ्यादाखल गोळीबार करावा लागला. हा खुलासा क्षणभर खरा धरला तरी त्याचा अर्थ इतकाच होतो की, ढिगाऱ्याखालच्या माणसापर्यंत औषध नेणाऱ्याने प्रथम बंदूकवाल्याची परवानगी घ्यावी.

या परवानगीस आंतरराष्ट्रीय विधीच्या भाषेत संमती म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर १९९१ रोजी संमत केलेला ४६/१८२ क्रमांकाचा ठराव हा आजच्या मदतकार्याचा पाया मानला जातो. मानवता, तटस्थता व निःपक्षपात ही तीन तत्त्वे त्यात सांगितली आहेत. आणि त्याच दमात असेही सांगितले आहे की, राष्ट्राचे सार्वभौमत्व अबाधित राहावे, व मदत ही आपद्ग्रस्त देशाच्या संमतीने, तत्त्वतः त्याच्या विनंतीवरून, दिली जावी. वाचकांनी येथे एक शब्द नीट पाहावा. ठरावात संमती 'देशाची' म्हटली आहे, सरकारची नव्हे. आणि विनंतीच्या अटीपूर्वी 'तत्त्वतः' हा शब्द घातला आहे. मसुदा करणारे विनाकारण असे शब्द घालीत नाहीत. तथापि व्यवहारात देश म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे राजधानीत बसलेला जो कोणी असेल तो, असे समीकरण रूढ झाले. तो लोकांनी निवडलेला आहे की रणगाड्यावर बसून आलेला आहे, हा प्रश्नच कोणी विचारीत नाही.

या समीकरणाची किंमत ब्रह्मदेशाने २००८ साली एकदा मोजली होती. त्या वर्षी २ मे रोजी नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशाची दाणादाण उडविली. मृत व बेपत्ता मिळून सुमारे १,३८,००० माणसे गेली. किनाऱ्यापासून दूर समुद्रात अमेरिकेच्या व फ्रान्सच्या नौका मदत घेऊन थांबल्या होत्या. परदेशी मदतनीस परवान्यासाठी बँकॉकला तिष्ठत बसले होते. सेनापतींनी मात्र वादळानंतर आठव्या दिवशी, १० मे रोजी, आपल्या नव्या घटनेवर सार्वमत घेतले. आपद्ग्रस्त भागात ते १४ दिवस पुढे ढकलले, एवढीच काय ती करुणा. थायलंडहून आलेल्या मदतीच्या पेट्यांवर सेनापतींच्या नावांची लेबले चिकटवून त्या वाटल्या गेल्याची वृत्ते त्या वेळी जगभर प्रसिद्ध झाली. ज्यांनी आपणहून तांदूळ व पाणी गोळा करून खेड्यांत नेले त्या नागरिकांचे काय झाले, याचे उदाहरण म्हणजे प्रसिद्ध विनोदी नट झारगानार. मदतकार्याविषयी परदेशी वार्ताहरांशी बोलल्यानंतर जून २००८ मध्ये त्यास अटक झाली व एकूण ५९ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. पुढे ती ३५ वर्षांवर आणली गेली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्याची सुटका झाली. संमतीचा अधिकार ज्याच्या हाती असतो तो परदेशी जहाजच अडवितो असे नाही. स्वदेशी हातही तो अडवितो.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्या संकटात लोकांना प्रथम आसरा मिळाला तो विहारांत. अवघ्या काही महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २००७ मध्ये, ज्या भिक्षूंवर याच राजवटीने रस्त्यावर लाठ्या-गोळ्या चालविल्या, त्यांच्याच विहारांच्या ओसऱ्यांवर बेघर झालेली कुटुंबे राहिली. परवाना नसलेली ही मदत सर्वांच्या आधी पोहोचली होती.

२००८ आणि २०२५ यांच्या दरम्यान आणखी एक प्रसंग घडला, तो आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. १४ मे २०२३ रोजी मोखा चक्रीवादळ राखाईन प्रांतावर आदळले. सित्त्वे शहराजवळच्या छावण्यांत २०१२ पासून कोंडून ठेवलेले रोहिंग्या मुसलमान तेथे राहत होते. राजवटीने १४५ मृतांची संख्या जाहीर केली. त्यांपैकी ११७ रोहिंग्या होते, आणि सरकारी निवेदनात त्यांचा उल्लेख 'बंगाली' असा होता. मेलेल्या माणसालाही त्याचे नाव द्यावयाचे नाही, ही वृत्ती आपणास नवीन नाही. पुढे जूनच्या ८ तारखेस राजवटीने राखाईनमधील मदत संस्थांचे प्रवासपरवाने स्थगित केले. ज्यांची घरे उडाली होती त्यांच्यासाठी ताडपत्र्या तयार होत्या. फक्त त्या नेण्याचा हुकूम नव्हता. नकाराचे कारण कोणी मागितले नाही आणि कोणी दिलेही नाही.

आता कोणी म्हणेल की हा ब्रह्मदेशाच्या सेनापतींचा विशेष दुर्गुण आहे. तसे नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान व सीरिया येथे भूकंप होऊन दोन्ही देशांत मिळून ५०,००० हून अधिक माणसे मेली. वायव्य सीरियाचा भाग तेव्हा दमास्कसच्या सत्तेखाली नव्हता. सीरियात शेजारी देशांतून मदत नेण्यास सुरक्षा समितीने २०१४ साली चार नाकी खुली केली होती; रशिया व चीन यांच्या नकाराधिकारामुळे ती कमी होत होत २०२० पासून बाब अल-हवा हे एकच उरले होते. भूकंपाने त्या नाक्याकडे जाणारे रस्तेही फाटले. संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा ९ फेब्रुवारीस, तिसऱ्या दिवशी, ओलांडून गेला. सहा मालमोटारी, आणि त्यांतील सामान भूकंपापूर्वीच ठरलेले. ढिगारे उपसण्याचे साहित्य त्यात नव्हते. तोपर्यंत स्थानिक स्वयंसेवक हातांनी सिमेंट उपसत होते. १२ तारखेस संयुक्त राष्ट्रांचे मदतप्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स यांनी सीमेवर उभे राहून वायव्य सीरियातील लोकांबाबत आपण अपयशी ठरलो अशी जाहीर कबुली दिली. १३ तारखेस बशर अल-असद यांनी आणखी दोन नाकी तीन महिन्यांसाठी उघडण्यास संमती दिली. ज्या भूमीवर ज्याचा शिपाई पाऊल ठेवू शकत नव्हता, त्या भूमीत औषध जाण्यास त्याची संमती आठ दिवस पाहिली गेली. हेच असद ८ डिसेंबर २०२४ रोजी देश सोडून पळाले. न्यायासाठी हेही नमूद करतो की, इदलिबवर ताबा असलेल्या संघटनेनेही सरकारी मुलुखातून येणाऱ्या मदतीला नकार दिला होता.

आपल्या उपखंडातही हेच घडले आहे. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरच्या भूकंपात पाकिस्तानच्या बाजूस ७३,००० हून अधिक माणसे मेली. भारताने हेलिकॉप्टरे देऊ केली. पाकिस्तानने हेलिकॉप्टरे हवीत पण भारतीय वैमानिक नकोत असे कळविले. भारताने वैमानिकांविना ती देण्याचे नाकारले. नियंत्रण रेषा पाच ठिकाणी उघडण्याचे ठरण्यास तीन आठवडे लागले आणि पहिले ठिकाण ७ नोव्हेंबरास उघडले. काश्मीरच्या डोंगरात तोवर थंडी पडली होती. दोन्ही सरकारांची कारणे कागदावर समजण्यासारखी आहेत. परंतु डोंगरात अडकलेल्या माणसाला ती कारणे ऐकविता येतील असे मला वाटत नाही.

आता एका निवाड्याविषयी लिहावयाचे आहे. आणि तो लिहिताना बौद्ध म्हणून थोडा संकोच होतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे मेली. पूर्व व उत्तर किनाऱ्याचा काही भाग तेव्हा तमिळ वाघांच्या ताब्यात होता. राष्ट्राध्यक्षा चंद्रिका कुमारतुंग यांच्या सरकारने २४ जून २००५ रोजी वाघांशी मदतवाटपाचा करार केला. प्रादेशिक समितीत वाघांचे, मुसलमानांचे व सरकारचे प्रतिनिधी बसावयाचे होते. त्याविरुद्ध कोलंबोत मोठे आंदोलन उभे राहिले; जनता विमुक्ती पेरामुना सरकारातून बाहेर पडली; एका भिक्षूने कँडी येथे उपोषण आरंभिले. पंधरा जुलैस सर्वोच्च न्यायालयाने करारातील कळीच्या कलमांना, विशेषतः प्रादेशिक निधी व किलिनोच्चीतील कार्यालय यांसंबंधीच्या कलमांना, स्थगिती दिली. करार तेथेच संपला. २००६ पासून युद्ध पुन्हा पेटले व मे २००९ पर्यंत चालले.

मुसलमानांची तक्रार वेगळी होती व ती योग्य होती. किनाऱ्यावर सर्वाधिक होरपळलेल्यांत ते असूनही त्यांना करारावर सही करण्याचा मान मिळाला नाही. परंतु भिक्षूंच्या विरोधाचा आधार काय? वाघांशी करार केला तर त्यांना राज्य म्हणून मान्यता मिळेल, हा. एक वकील म्हणून मला हा युक्तिवाद टिकाऊ वाटत नाही. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांना समान असलेल्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की, निःपक्षपाती मानवतावादी संस्था संघर्षातील पक्षांना आपली सेवा देऊ करू शकते. 'पक्षांना' म्हटले आहे. केवळ सरकारला नव्हे. आणि त्याच कलमाच्या शेवटी स्पष्ट केले आहे की, या तरतुदी लागू केल्याने पक्षांच्या कायदेशीर दर्जावर काहीही परिणाम होणार नाही. श्रीलंका या करारांना १९५९ पासून बांधील आहे. मान्यतेचे भय कायद्याने ५० वर्षांपूर्वीच दूर केले होते. ते पुन्हा उकरून काढण्यामागे कायदा नव्हता, बहुसंख्याकांचा अहंकार होता. करुणा सीमेवर थांबते असे ज्यांनी मानले त्यांनी चीवर परिधान केले होते, म्हणून ते बोलणे धम्माचे ठरत नाही.

त्याच लाटेने इंडोनेशियातील आचे प्रांतात श्रीलंकेच्या कित्येक पट माणसे मारली. तेथेही तीस वर्षांचे बंड चालू होते. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आतिसारी यांच्या मध्यस्थीने १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकी येथे सरकार व बंडखोर यांनी समझोता केला आणि तो टिकला. त्सुनामीने शांती आणली असे काही लेखक लिहितात. लाटेने काही आणले नाही. श्रीलंकेतही तीच लाट आली होती. एका सरकारने शत्रूबरोबर एकाच मेजावर बसून करार निभावण्याची तयारी ठेवली, दुसऱ्याला ते निभावता आले नाही, इतकाच फरक.

मदत किती आली यापेक्षा ती कोणाच्या हातून वाटली गेली हा प्रश्न आधीचा आहे, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. याच त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टणम जिल्ह्यात दलित कुटुंबांना निवाऱ्यांतून व पाण्याच्या टाक्यांपासून दूर ठेवल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. २००१ च्या गुजरातच्या भूकंपानंतर जातवार वेगळ्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. तेथे युद्ध नव्हते. तथापि गावातील जातींची रचना हीसुद्धा एक न पुकारलेली आघाडीच असते, आणि तिच्याही नाक्यांवर पहारे असतात. मी ज्या जिल्ह्यात वकिली करतो तेथे एका पुरानंतर झालेल्या पंचनाम्यात नदीकाठची वस्ती गावठाणाबाहेर आहे या सबबीवर तिची तेवीस घरे यादीतून वगळली गेली होती. पाणी प्रथम त्याच घरांत शिरले होते. यादी करणाऱ्याचे वैर होते असे मी म्हणत नाही. त्याने गावातील प्रतिष्ठितांच्या ओसरीवर बसून यादी केली, एवढेच.

आपल्या देशाच्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमातील ६१ वे कलम सांगते की, आपद्ग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म या कारणांवरून भेद केला जाणार नाही. कलम चांगले आहे. परंतु त्याच्या भंगाबद्दल त्या कलमात स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही, आणि यादी कोणी व कोणासमोर करावयाची हे ते सांगत नाही. शिक्षेवाचूनच्या कलमाचे न्यायालयात काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

माझ्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, संमतीची अट काढली तर बलाढ्य राष्ट्रे मदतीच्या आडून सैन्य घुसवतील. हा आक्षेप वसाहतवाद भोगलेल्या देशांच्या तोंडी शोभतो व मी त्याची खिल्ली उडविणार नाही. २००८ साली फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कुशनेर यांनी नर्गिसच्या निमित्ताने 'संरक्षणाची जबाबदारी' या तत्त्वाचा आधार घेऊन सेनापतींच्या परवानगीविना मदत उतरविण्याची भाषा केली. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने ते तत्त्व वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन व मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपुरतेच मान्य केले होते. वादळ त्यात बसत नाही. या भाषेने सेनापती अधिकच संशयी झाले. अखेर २३ मे रोजी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी प्रत्यक्ष भेट घेतल्यावर आणि आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेने मध्ये हात घातल्यावर दार किलकिले झाले. म्हणजे तीन आठवडे गेले. जबरदस्ती हा उपाय नाही हे मला मान्य आहे. परंतु जबरदस्ती नको म्हणून मालकी मान्य करावी लागत नाही. प्रशासकीय कायद्यात आपण नेहमी म्हणतो की, अधिकाऱ्याने नकार दिला तर तो सकारण असावा, लेखी असावा, वाजवी मुदतीत असावा. दुकानाचा परवाना नाकारताना जे बंधन आहे ते तांदूळ नाकारताना का नसावे? ठरावीक तासांत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरावी, आणि ज्या मुलुखावर सरकारची सत्ता चालत नाही तेथे प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याची परवानगी पुरेशी मानावी, अशी माझी सूचना आहे.

दुसरा आक्षेप तटस्थतेचा. सरकारला डावलून स्थानिक समित्यांना मदत दिली तर ती बंडखोरांना पोहोचेल, असे म्हणतात. काही प्रमाणात पोहोचेलही. पण सरकारमार्फत दिलेली मदत सैन्याला पोहोचत नाही काय? भूकंपानंतर भारताने 'ऑपरेशन ब्रह्मा' या नावाने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ८० जवान धाडले व मंडाले येथे लष्करी क्षेत्रीय रुग्णालय उभारले. त्या डॉक्टरांनी व जवानांनी केलेली सेवा निःसंशय मोलाची होती. परंतु ती सेवा लष्कराच्या ताब्यातील शहरात होती. नदीपलीकडच्या खेड्यांत ती पोहोचविण्यास ज्यांची मदत घ्यावयास हवी होती त्यांच्याशी आपल्या सरकारने उघडपणे बोलणे केल्याचे दिसले नाही. त्याच आठवड्यात बँकॉकच्या परिषदेत आपले पंतप्रधान ब्रह्मदेशाच्या लष्करप्रमुखांना भेटले. एकाच बाजूशी बोलणे ही तटस्थता नव्हे.

आता शेवटचा व तातडीचा मुद्दा. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१६ साली आपत्तीतील व्यक्तींच्या संरक्षणाविषयी कलमांचा एक मसुदा पुरा केला. त्यातील १३ वे कलम सांगते की, बाहेरच्या मदतीस बाधित राज्याची संमती लागेल. परंतु ती मनमानीने नाकारता येणार नाही, आणि मदत देऊ केल्यावर शक्य तेव्हा वेळेवर निर्णय कळवावा लागेल. ही प्रगतीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आमसभेने या मसुद्याच्या आधारे बंधनकारक करार २०२७ अखेरपर्यंत पुरा करण्याचे ठरविले. पण त्याच मसुद्याच्या १८ व्या कलमात अशी तरतूद आहे की, आपत्तीतील मदत जेवढ्यापुरती युद्धविषयक मानवतावादी कायद्याने नियंत्रित आहे तेवढ्यापुरता हा मसुदा लागू होणार नाही. म्हणजे युद्धभूमीवर भूकंप झाला की १३ व्या कलमाचे संरक्षण कोठवर आहे याचाच वाद प्रथम उभा राहणार. युद्धविषयक कायद्यात अंतर्गत संघर्षातील मदतीचा तपशील १९७७ च्या दुसऱ्या पूरक करारात आहे. त्यात ब्रह्मदेश नाही, श्रीलंका नाही, सीरिया नाही आणि भारतही नाही.

या कराराच्या वाटाघाटींत भारताचे प्रतिनिधी बसणार आहेत. १८ व्या कलमाची ती तरतूद बदलून, दोन कायद्यांपैकी जो आपद्ग्रस्ताला अधिक संरक्षण देईल तो लागू होईल असे म्हणावे. आणि मसुद्याच्या ६ व्या कलमात भेदभावाची जी मनाई आहे तिच्यात वंशपरंपरागत दर्जा, म्हणजेच जात, हा शब्द स्पष्टपणे घालावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी व वकील मंडळींनी परराष्ट्र मंत्रालयाकडे लेखी केली पाहिजे. नमुन्यादाखल एक निवेदन मी तयार केले आहे. ज्या शाखांना हवे असेल त्यांनी संपादकांकडे मागणी करावी.